तीन भाग हवा, एक भाग निकेल

निकेलची पावडर फार चिवट. साबणाने धुवा, राखेने घासा, नखांच्या कडेला ती करडी रेघ राहतेच. लालबागच्या आमच्या शेडमधले किस्सेही असेच अंगाला चिकटून राहिलेत. इतकी वर्षं झाली, पण कुठल्या लग्नात गमरे भेटले की पंगतीत बसल्या बसल्या म्हणणार, "बीएस्सी, तो तराजू आठवतो का?" की संपलंच! जिलबी पानात तशीच राहते आणि वाढपी आमच्याकडे बघत पुढे जातो. आमच्या हिला हे सगळे किस्से पाठ झालेत. ती म्हणते, "एकदा लिहून काढा आणि मोकळे व्हा. मलाही सुट्टी मिळेल." म्हणून लिहायला बसलोय. मोकळा होईन असं काही वाटत नाही.

बीएस्सी म्हणजे मी. गिरगावातल्या चाळीतला. घरात आजोबांपासून सगळे कारकून. मी केमिस्ट्री घेऊन पास झालो तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, "याने हपिसात कुठे चिकटता येईल?" कुठेच येईना. शेवटी कुणीतरी लालबागचा पत्ता दिला. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. भिंतीभिंतींवर "झालाच पाहिजे" लिहिलेलं. शेडच्या दारावरही होतं. त्याखाली खडूने आणखी एक ओळ होती: "प्लेटसुद्धा झालीच पाहिजे." ते अक्षर नानांचं.

* * *

नाना पेडणेकर आमचे मालक. आधी परळच्या एका मिलमध्ये फिटर. तिथल्या साहेबाशी वाजलं, तेव्हा राजीनामा त्याच्या टेबलावर आपटून बाहेर पडले आणि मिलच्या चात्यांना लागणारे सच्छिद्र ब्रॉन्झचे बुश बनवायला लागले. धातूची पावडर साच्यात दाबायची, वितळू न देता भट्टीत भाजायची. कण एकमेकांना चिकटतात, मधे बारीक भोकं राहतात, त्यांत तेल मुरतं. बुश बरे चालले होते. पण नानांना बरं चालणारं काम फार दिवस सहन होत नसे!

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर पोस्टकार्डाएवढी एक करडी पट्टी ठेवली. "यात काय आहे?"

"निकेल," मी ऐटीत सांगितलं.

"नापास. चार भागांत तीन भाग हवा आहे. आपण हवा बनवतो. निकेल नुसतं तिला धरून ठेवतं."

बॅटरीतली प्लेट होती ती. अल्कलीच्या बॅटरीची. आतल्या भोकांत रसायन भरायचं, म्हणून जितकी पोकळ तितकी चांगली. अशा प्लेटा परदेशातून यायच्या. ते येणं बंद झालं, तेव्हा एका सरकारी खात्याने विचारलं, इथे कुणी बनवील का? नानांनी हात वर केला. अट अशी की बारा प्लेटा एकदम दाखवायच्या आणि बाराच्या बारा पास व्हायला हव्यात. संधी तीन.

"आणि तिन्ही गेल्या तर?" मी विचारलं.

"तर भट्टी विझवायची आणि मी परत मिलमध्ये. त्याच साहेबासमोर, टोपी हातात घेऊन." नाना हसले नाहीत. "म्हणून तिन्ही जाणार नाहीत. तू वजन करायला बस."

बुशांची ऑर्डर त्यांनी त्याच आठवड्यात सोडून दिली होती. मागे जायचा रस्ता राहू नये म्हणून!

* * *

सुरुवातीच्या आमच्या प्लेटा म्हणजे निव्वळ फरशा. पाण्यात उकळल्या तरी थेंब पीत नसत. कोरड्या प्लेटचं वजन करायचं, पाणी पाजून परत करायचं, फरकावरून पोकळी कळते. फरक येतच नव्हता.

कारण हातातच होतं. बुशाची पावडर दाबायची असते, कचकचून. प्लेटची मुळीच दाबायची नसते, साच्यात जाळीवर सोडायची आणि तशीच भट्टीत सरकवायची. सगळ्यांना हे कळत होतं. पण साचा भरला की ज्याचा त्याचा हात आपोआप वर जायचा आणि मूठ पडायची. थप्! नानांचीसुद्धा. स्वतःच्या हातावर ते स्वतःच चिडायचे आणि म्हणायचे, "परत लावा." त्यांचा तो ठरलेला शब्द. शिवी नाही, कुरकूर नाही, नुसतं 'परत'. पहिल्या महिन्यात तो मी इतक्यांदा ऐकला की घरी आईने भात वाढताना "परत वाढू का?" विचारलं तरी दचकायचो.

एक दिवस पावडर चाळायला द्वारकाबाई आल्या. आधी मिलच्या वाइंडिंग खात्यात होत्या. हात हलका, जीभ जड. सकाळभर त्यांनी आमचं ते थप् थप् पाहिलं. मग उठून साचा स्वतःकडे ओढला.

"रांगोळी कोण दाबून घालता काय रे मेल्यांनू?"

चिमटीतून पावडर सुटली. फुंकर मारली तर उडेल अशी. वरून पट्टी फिरवली, झालं. त्या प्लेटने पाणी प्यायलं ते पाहून माझा विश्वास बसेना. तीनदा वजन केलं!

त्या दिवसापासून शेडमध्ये कायदा झाला. साच्याजवळ जो येईल त्याने हात मागे बांधायचे. नानांनीसुद्धा. "हात पाठी!" असं द्वारकाबाई ओरडल्या की आम्ही सगळे शाळेतल्या कवायतीसारखे उभे.

* * *

शेडला लागून मसाला कुटायचा डंख. मालकीण अक्का, द्वारकाबाईंची गाववाली. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला अख्खं लालबाग तिथे लोटायचं आणि मिरचीची धूळ भिंतीवरून आमच्याकडे. आता पावडर साच्यात सोडताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा, तिथे शिंक! एका शिंकेत अर्धी सकाळ उडून जायची. अगदी खरोखरची उडून!

नानांनी नाकाला फडकी बांधून पाहिली, खिडक्या बंद करून पाहिल्या. द्वारकाबाई मात्र सरळ अक्काकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं माहीत नाही, पण आवाज चार दुकानं पुढे ऐकू गेले. तह असा झाला की आम्ही साचे भरायला घेतले की भिंतीवर लाल फडकं टाकायचं आणि अक्काने तेवढा वेळ डंख थांबवायचा.

त्यामुळे गिऱ्हाइकं खोळंबायची. "अक्का, थांबवलात कशाक?" असं कुणी विचारलं की अक्का कपाळावर हात मारून सांगायची, "थांबा जरा. बाजूक हवा भरतत!"

* * *

आता हवालदार शिर्क्यांची एंट्री.

त्या दिवशी मोर्चा निघाला होता आणि नाक्यावर अश्रुधूर सोडला. भट्टीत एकच प्लेट होती, आमच्या नव्या जाळीवरची पहिली. भट्टीवर गमरे. सखाराम गमरे, नायगावच्या चाळीतले. आमच्यातला सगळ्यात शांत आणि सगळ्यात काटेकोर माणूस. भट्टीत हायड्रोजन असतो, गरम असताना हवा आत गेली तर प्लेट काळी पडते आणि नशीब फुटकं असेल तर भट्टीही जाते. म्हणून गमरे भट्टीच्या खटक्यांना कुणाला हात लावू देत नसत.

दार धाडकन उघडलं आणि पंधरावीस मोर्चेकरी आत घुसले. डोळे लाल, खोकतायत. पलीकडे साचा भरलेला होता. द्वारकाबाईंनी ना कोण विचारलं, ना काय. साच्यावर पदर धरला आणि ओरडल्या, "हात पाठी! सगळ्यांनी! आणि बसा खाली!"

पोरं इतकी घाबरली की बसली. ओळीने, हात मागे.

मागोमाग शिर्के लाठी घेऊन आत. समोर वीस माणसं जमिनीवर, चूप, हात मागे. हवालदार थबकलेच.

"यांना कुणी पकडलं?"

"मी," द्वारकाबाई म्हणाल्या.

शिर्के गोंधळले. दारात उभे राहून विचार करायला लागले. गमरे हळूच म्हणाले, "हवालदारसाहेब, मला जरा तो खटका बंद करू द्या, प्लेटची वेळ झाली."

"कुणीही हलायचं नाही!"

अर्धा तास कुणी हललं नाही. शेवटी बाहेरून शिट्टी झाली आणि शिर्के "यांना सांभाळा" असं द्वारकाबाईंनाच सांगून पळाले. द्वारकाबाईंनी सगळ्यांना पाणी पाजून मागच्या दाराने सोडून दिलं. भट्टीतली प्लेट मात्र अर्धा तास जास्त भाजली गेली. गमऱ्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, इतकं त्यांना लागलं.

* * *

दुसऱ्या दिवशी शिर्के परत. आदल्या दिवशी त्यांनी पावडरचे डबे बघितले होते ना! लालबागात बंद शेड, आत करडी पावडर, गॅसची टाकी आणि वीस संशयित. आता कोण म्हणेल की ही बॅटरी आहे?

"पावडर कसली?"

"निकेलची," नाना म्हणाले.

"उडते?"

"शिंकलात तर."

झडती झाली. नुकतीच गार झालेली ती जास्त भाजलेली प्लेट टेबलावर होती. अजून मी तिचं वजनही केलं नव्हतं. शिर्क्यांनी ती आणि डबीभर पावडर जप्त केली, वर्तमानपत्रात गुंडाळली, लाखेचं सील मारलं आणि पंचनामा लिहायला बसले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचला: "एक जाळीदार पत्रा, करडा, बिनकामाचा."

नाना तोपर्यंत शांत होते. झडती झाली, जप्ती झाली, काही नाही. आता ताडकन उठले.

"पत्रा न्या. मला पण न्या. तो शब्द खोडा!"

"कुठला?"

"बिनकामाचा!"

शिर्के म्हणाले, लिहिलेलं सरकारी कागदावरून खोडता येत नाही. नाना तीन वेळा पोलीस स्टेशनला जाऊन आले. पावडर तपासून निरुपद्रवी निघाली, केस काही झाली नाही, पण प्लेट मुद्देमालाच्या कपाटात राहिली आणि तो शब्दही राहिला. घरी जाताना वाटेत नाना पोलीस स्टेशनपाशी थांबायचे, दारातून आत डोकावून विचारायचे, "खोडलंत?" शिर्के आतून मान हलवायचे, नाही. हा रोजचा रामराम झाला.

आम्हाला मात्र म्हणायचे, "ती आपली सगळ्यात चांगली प्लेट होती." न मोजलेली, न वाकवलेली, जळालेली प्लेट! मी मनात म्हणायचो, म्हातारा हट्टाला पेटलाय.

* * *

पहिली खेप दाखवली तेव्हा खात्याकडून अय्यर साहेब आले. माटुंग्याला राहणारे, कपाळावर भस्म, बगलेत छत्री. मराठी ते वर्तमानपत्रं वाचून शिकले होते, त्यामुळे बोलायचे अग्रलेखासारखं.

त्यांच्या परीक्षा दोन. बाराही प्लेटांना पाणी पाजून वजन. मग बारांपैकी स्वतः बोट दाखवतील ती प्लेट सव्वा इंची लोखंडी दांड्याभोवती वाकवायची. भेग पडली की सगळी खेप बाद. बोट कसं दाखवायचे? बाराही प्लेटांकडे नीट बघून, जिच्यावर सगळ्यात कमी भरवसा वाटेल तिच्याकडे!

पाण्यात बाराही पास झाल्या. द्वारकाबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला, आनंदाने. मग साहेबांनी बोट दाखवलं, नानांनी तेल लावून जपलेला दांडा काढला, प्लेट वाकवली आणि कट् असा आवाज झाला.

"सदर प्लेट अनुत्तीर्ण," अय्यर साहेब म्हणाले. छत्री उचलून निघाले.

मला रडू आलं, लपवत नाही. नाना दोन तुकडे हातात घेऊन बघत राहिले. मग गमऱ्यांना म्हणाले, "कमी भाजलीय. ती हवालदाराची प्लेट नसती तुटली. गमरे, वेळ वाढवा. परत."

* * *

दुसरी खेप आणखी चांगली. बारा प्लेटा कापसात ठेवून डबा बंद. दसऱ्यानंतर अय्यर साहेब येणार होते. दसऱ्याच्या आधी गमऱ्यांनी रजा मागितली. नागपूरला जायचं होतं, दीक्षा घ्यायला. घरातली सगळी माणसं निघाली होती. खेप तोंडावर आलेली, म्हणून गमरे जरा संकोचले होते.

नाना म्हणाले, "गमरे, भट्टी थांबेल. हे थांबायचं नाही. जा."

गमरे गेले आणि इकडे खंडेनवमी आली. द्वारकाबाईंनी प्रेस पुसला, भट्टी पुसली, चाळणीला फूल वाहिलं. मग त्यांची नजर डब्यावर गेली. "यंत्रांची पूजा होता, मग ह्या बिचाऱ्यांनी काय पाप केल्यानी?" आणि त्या माउलीने बाराही प्लेटांना एकेक करून, ओली हळद आणि ओलं कुंकू लावलं. भरपूर.

प्लेट तीन भाग पोकळ! जे लागेल ते पिणार. हळद वरून लागली आणि आत गेली. आम्ही धुतलं, उकळलं, परत उकळलं. पाणी पिवळं व्हायचं, प्लेटही पिवळीच राहायची.

अय्यर साहेबांनी एक प्लेट उचलली, चष्मा काढला, डोळ्यांजवळ नेली. "या प्लेटेवर पीतवर्णी लेप कसला?"

नाना खोटं बोलू शकले असते. म्हणाले, "पूजेचा."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. देवभक्त माणूस, मला वाटलं विरघळणार. "भावना समजली," ते म्हणाले. "सर्व प्लेटा अनुत्तीर्ण."

द्वारकाबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गमरे नागपूरहून आले, चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं तेज. त्यांनी डबा उघडला, प्लेटा पाहिल्या आणि म्हणाले, "कमाल आहे! मी तिकडे पूजाअर्चा सोडून आलो, आणि तुम्ही इकडे प्लेटा पूजेला बसवल्या!"

द्वारकाबाई रडता रडता हसल्या. नाना उठले, चाळणीवरचं वाळलेलं फूल काढून त्यांच्या हातात दिलं.

"द्वारके, पावडर चाळ. परत."

पण त्या वेळी आवाज बारीक झाला होता. आता एकच संधी उरली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

* * *

तिसरी खेप. अय्यर साहेबांनी दिवस ठरवला आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पुकारला गेला. ट्राम नाही, बस नाही, चिटपाखरू नाही. खात्याच्या कागदावर तीच शेवटची तारीख होती.

नाना चळवळीतले. हरताळ मोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी तोडगा काढला: "शटर खाली. भट्टी बंद. डंख बंद. प्लेटा नुसतं पाणी पिणार. पाणी पिणं हे काम नव्हे."

सकाळी मी गिरगावातून चालत पोचलो. गमरे, द्वारकाबाई आधीच हजर. नानांचा पत्ता नव्हता. वाकवायच्या दांड्याला गंज दिसला म्हणून आदल्या संध्याकाळी ते तो करी रोडला घरी घेऊन गेले होते, पॉलिश पेपरने घासायला. आणि शटरवर टकटक झाली. अय्यर साहेब! माटुंग्याहून चालत, घामाने निथळत, बगलेत छत्री.

"साहेब, आज हरताळ..." मी म्हणालो.

"हरताळ आपला. तारीख माझी," साहेब म्हणाले आणि स्टुलावर बसले.

नानांची वाट न बघता त्यांनी वजनं सुरू केली. एक उत्तीर्ण. दोन उत्तीर्ण. आठ, नऊ, दहा. अकरा उत्तीर्ण! बारावी मी चिमट्यात उचलली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्का किंचाळली, "द्वारके! नानांक पोलिसांनी धरल्यानी गो! नाक्यार!"

माझा हात उडाला. प्लेट फरशीवर कोपऱ्यावर पडली आणि कोपरा तुटला.

त्या क्षणाबद्दल अजूनही मला नीट बोलता येत नाही. गमरे खाली बसून तुकडा उचलत होते. द्वारकाबाईंनी उरलेल्या अकरा कापसात ठेवून डबा बंद केला. नवीन भाजून गार करायला दिवस लागतो.

"अकरा," अय्यर साहेब म्हणाले. "बारा आवश्यक आहेत. आपल्या मालकांची सही घ्यावी लागेल. अनुत्तीर्ण झाल्यावरही लागते."

आम्ही चौघं पोलीस स्टेशनला गेलो. फौजदार बंदोबस्तावर, आत एकटे शिर्के. नाना गजांआड. जमावबंदी असताना लोखंडी दांडा घेऊन नाक्यावर फिरणारा माणूस, दुसरं काय होणार! दांडा हत्यार म्हणून वरच्या कचेरीत रवानासुद्धा झाला होता.

नानांनी मला पाहिलं. "किती?"

"अकरा," मी म्हणालो. "बारावी माझ्या हातून पडली, नाना."

मी त्या शब्दाची वाट बघत होतो. ते 'परत' म्हणाले नाहीत. आता म्हणूनही उपयोग नव्हता. गज धरून ते नुसते उभे राहिले, आणि मला एकदम ते टोपी हातात घेऊन मिलच्या साहेबासमोर उभे असलेले दिसले. मग त्यांनी मान वळवली.

"शिर्के, कपाट उघडा. बारावी तुमच्याकडे आहे."

शिर्के म्हणाले, मुद्देमालाला हात लावता येत नाही. अय्यर साहेबांनी छत्री टेबलावर ठेवली. "मी शासनाचा अधिकारी आहे. आपणही शासनाचे आहात. मी रीतसर पावती लिहून देतो." आणि दिली, सहीशिक्क्याच्या मराठीत. शिर्क्यांनी ती दोनदा वाचली आणि किल्ल्या काढल्या.

"वजनकाटा आणा. त्या अकरा प्लेटाही," साहेब मला म्हणाले.

तराजूची पेटी आणि प्लेटांचा डबा छातीशी धरून मी हरताळाच्या रस्त्यावरून धावत होतो. नाक्यावर चार स्वयंसेवकांनी अडवलं. "तराजू? आज दुकान उघडतोस काय रे?"

"नानांच्या प्लेटा आहेत. लालबागच्या शेडमधल्या..."

त्यांतला एक जण पुढे आला, माझ्याकडे बघितलं आणि हसून दोन्ही हात मागे बांधले. "सोडा रे याला. चला, पोचवू या." आणि चौघं माझ्या चारी बाजूंनी पोलीस स्टेशनच्या पायरीपर्यंत आले.

शिर्क्यांनी सील तोडलं. प्लेट कोरडी, स्वच्छ, जशीच्या तशी. मी वजन केलं. पोलिसांच्या स्टोव्हवर, चहाच्या पातेल्यात तिला उकळलं. परत वजन केलं. या वेळी गमऱ्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. साहेबांनी आकडा पाहिला. "उत्तीर्ण."

मग त्यांनी बाराही प्लेटांकडे नीट बघितलं आणि याच प्लेटकडे बोट दाखवलं.

"साहेब, दांडा नाही," गमरे म्हणाले.

अय्यर साहेबांनी खिशातून कॅलिपर काढला आणि आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात शिर्क्यांची लाठी उभी होती. त्यांनी ती आडवी घेतली आणि टोकापासून मोजत आले. मधे एका पेरापाशी थांबले. "येथे बरोबर सव्वा इंच आहे. हवालदार, दोन्ही हातांनी घट्ट धरा."

शिर्क्यांनी लाठी धरली. गमऱ्यांनी प्लेट तिच्यावर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी वाकवायला सुरुवात केली. द्वारकाबाईंनी स्वतःचे हात मागे बांधले होते. प्लेट वाकली. आणखी वाकली. लाठीला अर्धा वेढा बसला. आवाज आला नाही.

साहेबांनी भिंग लावून वळण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग वाकलेली प्लेट खिशात घातली, कागद गजांतून आत सरकवला आणि नानांना स्वतःचं पेन दिलं. नानांनी सही केली.

शिर्के अजून लाठी तशीच धरून उभे होते. ती त्यांनी हळूच कोपऱ्यात ठेवली, जुना पंचनामा शोधून काढला, टाक दौतीत बुडवला आणि गजांकडे पाहिलं.

"पेडणेकर, आता काय लिहू?"

"काही लिहू नका," नाना म्हणाले. "खोडा फक्त."

शिर्क्यांनी पट्टी लावून शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत बसले.